छपराची गळती : शोध आणि दुरुस्ती

रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत वर्षाचा पाऊस साधारणपणे 3000 मिलिमीटरच्या पुढे जातो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे येथील छपराची परीक्षा राज्याच्या पठारावरील छपरापेक्षा कितीतरी कठोर असते. 50 चौरस मीटर क्षेत्राच्या लहानशा घरावर दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छपराला 5000 लिटर पाणी सुखरूप खाली उतरवून द्यावे लागते. 22 जुलै 2021 च्या सुमारास, जेव्हा सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडवले, तेव्हा नदीच्या उगमाकडील महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. एवढ्या पावसात छपरावरील अगदी बारीक फटही घरात पाणी आणण्यास पुरेशी ठरते, आणि तरीही गळतीची दुरुस्ती बहुधा अंदाजाने केली जाते : जेथे पाणी टपकते त्याच्या नेमके वर सिमेंट किंवा डांबर थापले जाते, पुढच्या पावसात तेथेच पुन्हा पाणी येते, आणि दोष सामानाला किंवा कारागिराला दिला जातो.

या चुकीचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. पाणी छपरात ज्या जागी शिरते आणि ज्या जागी खाली पडते, त्या दोन जागा क्वचितच एक असतात. कौलाखाली शिरलेले पाणी रिपेवर येते, रिपेवरून वाशावर जाते, वाशाच्या उतारावरून चार-सहा फूट घसरते आणि वाशाची गाठ, खिळा किंवा भिंतीचा माथा आडवा आला की तेथे थेंब होऊन सुटते. पत्र्याखाली हेच काम लोखंडी पाइप करतात, आणि स्लॅबमध्ये तर पाणी कोब्याखालून पसरत जाऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, विजेच्या पाइपमधून किंवा पंख्याच्या हुकातून बाहेर पडते. म्हणून दुरुस्तीचा निम्म्याहून अधिक भाग शोधाचा असतो, आणि शोध पावसात व दुरुस्ती उघडिपीत, हा क्रम पाळावा लागतो. एकदा वाळलेले छप्पर आपला दोष सहसा दाखवत नाही.

शोधाची पहिली पायरी म्हणजे वेळेची नोंद, जिला काहीच खर्च येत नाही. पाऊस सुरू होताच काही मिनिटांत थेंब पडू लागला आणि पाऊस थांबताच थांबला, तर वाट उघडी आहे असे समजावे, म्हणजे फुटके कौल, सरकलेला पत्रा किंवा स्क्रूचे रिकामे भोक. पाऊस कित्येक तास पडल्यानंतर टपकणे सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही दिवसभर चालू राहिले, तर पाणी कोठेतरी साचत आहे, आणि हे लक्षण प्रामुख्याने स्लॅबचे असते. सरळ पावसात कोरडे राहणारे घर वाऱ्याची झड आली की गळत असेल, तर दोष सांध्यांच्या चढवणीत म्हणजे ओव्हरलॅपमध्ये, भिंत व छप्पर यांच्या जोडात किंवा खिडकीवरील पावसाळीत शोधावा. कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या पाख्यापासून, म्हणजे छपराच्या त्या उतारापासून, सुरुवात करणे फायद्याचे असते. पाऊस असो वा नसो, पाणी येतच असेल, तर छपराला हात लावण्यापूर्वी वरच्या टाकीची आणि न्हाणीघराची नळजोडणी तपासावी.

प्रत्येक ओल ही गळती नसते, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. महाडच्या बाजारपेठेतील सखल भागात पुराचे पाणी चढलेल्या घरांच्या भिंती पुढे बराच काळ पायथ्याकडून ओल्या राहतात आणि विटांतील क्षार पृष्ठावर येऊन पांढरा लोणा धरतो. ही ओल जमिनीपासून वर चढत जाते आणि वर जाताना फिकट होते, तर छपराची ओल भिंतीच्या माथ्यापासून ओघळाच्या रूपात खाली येते. दुसरा फसवा प्रकार पत्र्याच्या घरात दिसतो. हिवाळ्यात सावित्रीच्या खोऱ्यात पहाटे धुके उतरते, रात्रभर उघड्या आकाशाखाली पत्रा थंड होतो, आणि घरातील उबदार, दमट हवा त्याला खालून लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन थेंब पडू लागतात. पाऊस नसताना, पहाटे आणि पत्र्याच्या मोठ्या भागावर सारखे दव दिसत असेल, तर वरून कितीही लेप दिला तरी उपयोग होणार नाही; तेथे आढ्याजवळ हवा बाहेर पडण्याची सोय, स्वयंपाकघराच्या वाफेला स्वतंत्र वाट किंवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर हाच उपाय असतो.

वेळेची नोंद झाल्यावर भर पावसात, दिवसाउजेडी, विजेरी घेऊन माळ्यावर चढावे आणि ओल्या खुणेपासून उताराच्या वरच्या दिशेने पाण्याचा माग काढत जावे. ओले लाकूड गडद दिसते, तिरप्या धरलेल्या प्रकाशात पाण्याची रेघ चमकते, आणि जुन्या गळतीची कड तपकिरी डागाने ओळखू येते. जेथे पाणी पहिल्यांदा दिसते तेथे वाशावर खडूने खूण करावी आणि आढे व भिंत यांपासूनचे अंतर लिहून ठेवावे, कारण वर चढल्यावर खालची जागा ओळखणे अवघड जाते. त्या वेळी दुरुस्ती शक्य नसल्यास शिरणाऱ्या जागेजवळ सुतळी बांधून तिचे दुसरे टोक बादलीत सोडावे. पाणी सुतळीवरून उतरते आणि खालची भिंत व सामान वाचते. पाणी दिव्याच्या होल्डरपर्यंत किंवा पंख्यापर्यंत आले असेल, तर सर्वांत आधी मेन स्विच बंद करणे बंधनकारक समजावे.

पाऊस नसताना शोध घ्यायचा झाल्यास नळीने पाणी मारून पाहता येते, मात्र सुरुवात नेहमी छपराच्या खालच्या कडेपासून करावी आणि प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून वर सरकावे, आणि त्या वेळी घरात दुसऱ्या माणसाने लक्ष ठेवावे. वरून सुरुवात केली तर सगळे छप्पर एकदम भिजते आणि दोष कोणत्या सांध्यात होता ते कळत नाही. पोलादपूरच्या डोंगरावरील अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पिण्याचे पाणीही टँकरने आणावे लागते. तेथे अशा चाचणीवर पाणी घालवणे योग्य नव्हे, आणि मेअखेरचा वळवाचा पाऊसच चाचणी म्हणून वापरावा. त्या पहिल्या सरीत घरात माणूस हजर असणे हे कोणत्याही रसायनापेक्षा मोलाचे असते, कारण मोठा पाऊस लागण्यापूर्वी दुरुस्तीसाठी काही कोरडे दिवस अजून हाती असतात.

कौलारू छपराची जुनी रीत म्हणजे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी केली जाणारी शाकारणी, म्हणजे कौले उतरवून, झाडून, फुटकी बाजूला काढून पुन्हा ओळीने बसवणे. नळीच्या देशी कौलांना ती दर वर्षी लागत असे. 1865 साली बासेल मिशनने मंगळूर येथे यंत्राच्या कौलांचा कारखाना काढला, आणि त्या मंगलोरी कौलांच्या पाठीवरील खुंट्या रिपेत अडकत असल्यामुळे व कडांच्या खाचा एकमेकींत बसत असल्यामुळे छप्पर बरेच स्थिर झाले. परंतु त्यामुळे शाकारणीची गरज संपली हा समज चुकीचा आहे. या कौलाच्या कडेची खाच ही पाणी वाहून नेणारी बारीक पन्हळ असते. तिच्यात शेवाळ, माती आणि पालापाचोळा भरला की न फुटलेले, नवे दिसणारे कौलही गळते, कारण पाणी खाचेतून खाली जाण्याऐवजी तिच्या कडेवरून आत सांडते. झाडांच्या छायेतील पाख्यांवर हे फार होते, आणि तेथे नवी कौले विकत घेण्याआधी असलेली कौले उतरवून काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने खाचा साफ करणे पुरेसे ठरते.

उतरवलेले कौल हातात धरून बोटाच्या सांध्याने वाजवावे : चांगल्या कौलाचा आवाज खणखणीत येतो, तडा गेलेले बद्द वाजते. भर पावसात ज्या कौलाची आतली बाजू शेजारच्या कौलांपेक्षा काळपट आणि ओलसर दिसते, ते कच्चे भाजलेले असून पाणी शोषत आहे असे समजावे आणि बदलावे. नवे कौल निवडताना जुन्याच्या मापाचे आणि शक्य तर त्याच कारखान्याच्या साच्याचे घ्यावे, कारण साच्यात थोडा फरक असला तरी खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि एका फुटक्या कौलाच्या जागी चार फटी तयार होतात. जुन्या घरांच्या पडझडीतून निघालेली कौले या कामासाठी जपून ठेवण्याची गावाकडची सवय अत्यंत शहाणपणाची आहे.

कौले नीट असूनही एखाद्या पट्ट्यात ती पुन्हापुन्हा सरकत असतील, तर नजर कौलांवरून वाशांकडे वळवावी. वाळवीने किंवा कुजण्याने वासा वाकला की त्यावरील रिपा खाली बसतात, कौलांच्या ओळीत पोट पडते आणि त्या खोलगट भागात सांधे उघडतात. अंगणात उभे राहून आढ्याची आणि वळचणीची रेषा पाहिली तरी हे पोट दिसते. वासा बदलल्याशिवाय तेथे केलेली कौलांची कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. आढ्यावरील कोन्याच्या कौलांखालचा मसाला मात्र जवळजवळ प्रत्येक जुन्या छपरात तडकलेला आढळतो. त्यावर वरून सिमेंटचे पाणी फिरवण्याऐवजी तो काढून टाकावा, जागा ओली करून नव्या मसाल्यात कोने बसवावेत, आणि मसाला कोन्याच्या कडेबाहेर येऊ देऊ नये, कारण बाहेर आलेला भाग पाणी आत ओढतो. दोन पाखी जेथे आतल्या कोनात मिळतात, त्या खोलगट सांध्यातील पत्र्याची पन्हळ गंजली आहे काय हे कौले उचलल्याशिवाय कळत नाही, म्हणून शाकारणीच्या वेळी ती पाहून घ्यावी. वानरांच्या उड्यांनी कौले फुटणे हा या भागातील खराच मोठा उपद्रव आहे, आणि त्याला कंटाळून अनेकांनी कौले काढून पत्रे घातले आहेत. हा निर्णय समजण्यासारखा असला तरी त्याने गळतीचा प्रश्न सुटत नाही, त्याचे स्वरूप तेवढे बदलते.

पत्र्याच्या छपरात पाणी पत्र्यातून क्वचित आणि भोकातून नेहमी येते. स्क्रूच्या माथ्याखालील रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो, आणि पत्रा दिवसा तापून पसरतो व रात्री आकसतो त्यामुळे स्क्रूभोवतीचे भोक हळूहळू मोठे होते. अशा ठिकाणी जुना स्क्रू काढून एक माप जाड स्क्रू नव्या ईपीडीएम वॉशरसह घालावा. ईपीडीएम हे ऊन-पावसात अधिक काळ लवचीक राहणारे कृत्रिम रबर आहे. स्क्रू सैल राहिला तर फट राहते आणि फार आवळला तर वॉशर चेपून बाजूला फाकतो, म्हणून वॉशर किंचित दबून धातूच्या टोपीच्या कडेला भिडेल इतकाच आवळावा. साध्या नागमोडी पत्र्यात इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचा हुक किंवा स्क्रू नळीच्या उंच माथ्यावरच यावा, कारण पाणी खळग्यातून वाहते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांचे पत्रे उडाले. असे उडालेले पत्रे पुन्हा बसवताना जुनी भोके पाइपवर जुळत नाहीत आणि नवी पाडली जातात; तेव्हा रिकामे राहिलेले प्रत्येक भोक त्याच जातीच्या पत्र्याचा तुकडा, मधे ब्यूटाइल पट्टी आणि रिबिट घालून बंद करावे लागते. ब्यूटाइल पट्टी म्हणजे कधीही पूर्ण न सुकणारी चिकट रबरी पट्टी, जी पत्र्याच्या हालचालीबरोबर ताणली जाते.

गंजून पडलेल्या मोठ्या भोकावर ठिगळ लावताना त्याची वरची कड वरच्या पत्र्याखाली सरकवणे हा साऱ्या दुरुस्तीचा गाभा आहे. वरचा थर नेहमी खालच्या थरावर चढलेला असला, तर चिकटद्रव्य निकामी झाल्यावरही पाणी उताराने निघून जाते. ठिगळ नुसते वरून चिकटवले, तर त्याची वरची कड हाच पाण्याला अडवणारा बांध होतो आणि सगळी भिस्त डिंकावर राहते. याच कारणाने पत्र्यांची खालीवर चढवण किमान 150 मिलिमीटर आणि उतार कमी असल्यास त्याहून अधिक ठेवावी, आणि आडव्या सांध्याची उघडी कड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला यावी. जेथे पत्रा भिंतीला भिडतो तेथे भिंतीत आडवी खाच पाडून तीत कोनपत्र्याची कड बसवावी. भिंत आणि पत्रा यांच्या कोपऱ्यात भरलेले नुसते सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात सुटते, कारण धातू व भिंत एकाच प्रमाणात पसरत नाहीत.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांबाबत अधिक काळजी घ्यावी. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असण्याची शक्यता मोठी असते आणि ते श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास गंभीर रोग होतात, त्यामुळे असे पत्रे कोरडे घासू नयेत, ग्राइंडरने कापू नयेत किंवा जोराच्या फवाऱ्याने धुऊ नयेत. त्यांवर सरळ पाय देणे तर जिवावर बेतते, कारण वरून धड दिसणारा जुना पत्रा माणसाच्या वजनाने एकाएकी तुटतो. चढणे अपरिहार्य असेल, तर किमान दोन आधारांवर टेकेल अशी रुंद फळी टाकून तिच्यावरूनच सरकावे आणि कमरेचा दोर आढ्याच्या पलीकडे पक्क्या जागी बांधावा. शेवाळलेल्या कौलांवर पावसात चढणे आणि कौलांखाली न पाहता हात घालणे, जेथे विंचू बसलेला असतो, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

स्लॅबची गळती सर्वांत उशिरा दिसते आणि सर्वांत अधिक नुकसान करते, कारण आत मुरलेले पाणी लोखंडी सळयांपर्यंत पोहोचते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबाने खालचे काँक्रीट फुगून गळून पडते. छताच्या खालच्या बाजूला तपकिरी डाग, सळईच्या रेषेत तडा किंवा पोकळ आवाज आढळल्यास तो प्रश्न गळतीपुरता राहत नाही, आणि वरून लेप देण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. इतर वेळी प्रथम गच्चीवर पाणी कोठे साचते ते पाहावे. पाऊस थांबल्यावर तासाभराने राहिलेल्या डबक्यांच्या कडा खडूने आखल्या, की उतार कोठे चुकला ते दिसते. गच्चीचा उतार पाणी जाण्याच्या पाइपाकडे 100 ला 1 इतका तरी असावा. त्यानंतर पाइपाचे तोंड, कठडा आणि गच्ची यांचा कोपरा, आणि कोब्यातील तडे या क्रमाने पाहावे, कारण बहुतेक वेळा दोष पहिल्या दोन ठिकाणीच सापडतो. त्या कोपऱ्यात काटकोन न ठेवता गोलाई द्यावी आणि जलरोधक लेप कठड्यावर वीतभर चढवावा.

तडा नुसता वरून पुसून चालत नाही. तो इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात सेंटिमीटरभर खोल उकरून, धूळ पूर्ण काढून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावा, आणि उन्हाने रोज उघडमीट होणाऱ्या तड्यात कडक मसाल्याऐवजी पॉलियुरेथेनसारखे लवचीक सीलंट घालावे. लेप देण्याआधी गच्ची खरोखर कोरडी आहे काय हे पाहण्यासाठी मीटरभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा, आणि सकाळी त्याच्या खाली दव आढळले तर थांबावे. ओल्या काँक्रीटवर दिलेला लेप पहिल्या उन्हात फुगून सुटतो. पावसाळ्याच्या मध्यात म्हणूनच कायमची दुरुस्ती करण्याच्या मागे लागू नये. तेव्हा पाइपाचे तोंड मोकळे ठेवावे आणि ताडपत्री कठड्याच्या बाहेरपर्यंत नेऊन बांधावी. काम झाल्यावर पाइप बंद करून गच्चीवर पाणी तुंबवून 24 ते 48 तास ठेवण्याची चाचणी चांगली आहे, परंतु 5 सेंटिमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला 50 किलो होते हे ध्यानात घेऊन कमकुवत स्लॅबवर ती करू नये. जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा घालत जाण्याची पद्धत याच कारणाने घातक आहे, कारण 10 सेंटिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार कायमचा वाढवतो. गच्चीवर पत्र्याची शेड घालणे हा या भागात सर्रास केला जाणारा उपाय खरोखर उपयोगी आहे, फक्त शेडचे खांब स्लॅबमध्ये भोके पाडून बसवले तर जलरोधक थर तेथेच फुटतो. खांब शक्यतो कठड्यावर किंवा स्लॅबवर बांधलेल्या उंच ठोकळ्यावर घ्यावेत.

मुंबई-गोवा महामार्गाने कशेडी घाटाकडे किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जाणाऱ्या प्रवासी गाड्या आणि राहण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन यांच्या छपरालाही हेच नियम लागू पडतात. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असल्याने अशा गाड्या येथे अधिकाधिक दिसतील. गाडीचे छप्पर घाटातील वळणांवर पिळवटले जाते, म्हणून एसी, झरोका, शिडी आणि सामानाचा कठडा यांच्यासाठी पाडलेल्या भोकांभोवतीचे सीलंट आधी सुटते. गाडी उतारावर जशी उभी असेल तसा पाण्याचा मार्ग बदलतो, त्यामुळे ती सपाट जागी आणून शोध घ्यावा. दारे-खिडक्या चिकटपट्टीने बंद करून पंख्याने आत हवेचा हलका दाब निर्माण करावा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतात तेथे फट आहे. जुने सीलंट मुळापासून खरवडून काढल्याशिवाय नवे लावू नये, आणि सिलिकॉन तर टाळावेच, कारण त्याच्या उरलेल्या पातळ थरावर पुढे दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही.

महाड-पोलादपूरच्या गावांतील अनेक घरे वर्षातील बराच काळ कुलूपबंद असतात, कारण कुटुंबे मुंबई-पुण्यात राहतात आणि गणपतीला किंवा शिमग्याला गावी येतात. अशा घरात जूनमध्ये सरकलेले एक कौल गणपतीपर्यंत वासा कुजवते. म्हणून मे महिन्यातील शाकारणी झाल्यावरही, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पुढे दर पंधरवड्याला शेजाऱ्याने किंवा भाऊबंदाने दार उघडून माळ्यावर विजेरी फिरवावी अशी व्यवस्था लावून द्यावी, त्याच्यापाशी पाच-दहा जादा कौले किंवा वॉशरसह स्क्रूंची पुडी ठेवावी, आणि घराच्या प्रत्येक पाख्याची आतून काढलेली छायाचित्रे त्याला देऊन ठेवावीत, म्हणजे नवा डाग कोणता आणि जुना कोणता हे त्याला फोनवरही सांगता येईल. वादळाने किंवा अतिवृष्टीने छपराचे नुकसान झाले असल्यास दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. तोवर घर वाचवण्यासाठी ताडपत्री टाकण्यास हरकत नसते, मात्र फुटलेली कौले आणि वाकलेले पत्रे पंचनामा होईपर्यंत आवारातच ठेवावेत.